दूध, तूप, अंडं न घालता घरचा केक, सरबतं आणि बरण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धाकटा आठ महिन्यांचा असताना त्याला दुधाची ॲलर्जी निघाली आणि आमच्या स्वयंपाकघरातून दूध, दही, लोणी, तूप एका दिवसात बाहेर गेलं. अंडं घरात आधीही नव्हतं. आता तो अकरा वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत जे जमलं, जे बिघडलं, ते सगळं वहीत उतरवत गेले. सुट्टीच्या दिवशी सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी शेजारच्या बायका आणि कॉलेजची मुलंमुली शिकायला येतात आणि बरेचसे प्रश्न तेच तेच असतात. म्हणून ही उत्तरं. माझं माहेर वाईचं, त्यामुळे स्ट्रॉबेरी आणि आलं तिकडचं, बाकी जवळपास सगळं सांगलीच्या बाजारातलं.

व्हिगन म्हणजे शाकाहारीच ना? पाकिटावर हिरवा ठिपका असला की झालं?

नाही. हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध, तूप, दुधाची पावडर, मध हे सगळं चालतं. व्हिगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नाही, मधसुद्धा नाही. त्यासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि वेगळं हिरवं चिन्हही आहे, पण आपल्या किराणा दुकानातल्या फार कमी पाकिटांवर ते दिसतं. म्हणून मागची घटकांची यादी वाचायची सवय लावा.

‘एगलेस’ या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. एगलेस केकमध्ये बहुतेक वेळा दही नाहीतर कंडेन्स्ड मिल्क असतं. मुलगा तीन वर्षांचा असताना एका बेकरीत मी दोनदा विचारून बिस्किटं घेतली होती. ‘काही नाही हो ताई, एगलेसच आहे,’ म्हणाले. घरी येईपर्यंत पोराच्या अंगावर गांध्या उठल्या होत्या. बिस्किटात दुधाची पावडर होती. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला प्रश्नच कळला नव्हता. तेव्हापासून मी ‘दूध आहे का?’ एवढंच विचारत नाही. दूध, दुधाची पावडर, लोणी, तूप, दही अशी नावं घेऊन विचारते.

साखर आणि गूळ चालतो का?

चालतो. साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात असं अनेकांनी ऐकलेलं असतं. ती पद्धत काही परदेशी रिफायनऱ्यांतली. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुरानं स्वच्छ करतात. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि फेस खाली बसावा म्हणून थोडं तेल. तरी ओळखीचं गुऱ्हाळ असेल तर एकदा जाऊन बघाच. गरम काकवी हातावर घेऊन चाटल्यावर बाजारातला गूळ कसा निवडायचा ते आपोआप कळतं. पिवळाधमक गूळ घेऊ नका, तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस पावडरीनं, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनानं आणलेला असतो. बेकिंगला तपकिरी, जरा मऊ गूळ चांगला.

अंड्याऐवजी काय घालू?

आधी बघा की अंड्याची गरज आहे का. साध्या केकला ती नसते. सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर भेटले की फुगायचं काम होतं. कुकी, मफिन अशा गोष्टींना बांधून ठेवणारं काही लागतं, तिथे जवस. एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. चमचा उचलला की तार सुटते, तेवढं झालं की एका अंड्याचं काम झालं. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी असते, पण ती घालू नका, त्यात लसूण-मीठ असतं. जवस कोरडे न भाजता कच्चेच दळा, भाजल्यावर चिकटपणा कमी होतो.

पिकलेलं केळंही चालतं, पण मग केक केळ्याचाच लागतो. छोले शिजवलेलं पाणी फेटून पांढरा फेस येतो, २०१४-१५ च्या सुमारास परदेशात लोकांनी त्याला अक्वाफाबा असं नाव दिलं. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. छोल्यात मीठ-सोडा घालण्याआधीचं पाणी घ्या.

पहिल्यांदाच करतेय. हमखास जमेल असा एकच केक सांगा.

गूळ-बेदाण्याचा. हाच मी सगळ्यांना पहिला शिकवते.

१७० ग्रॅम चिरलेला गूळ २३० मिलि कोमट पाण्यात विरघळवा आणि गाळा. गाळायचंच, गुळात खडे आणि चिपाडाचे तुकडे निघतात. पाणी पूर्ण गार होऊ द्या. ९५ ग्रॅम मैदा, ९५ ग्रॅम गव्हाचं पीठ, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, पाव चमचा मीठ आणि थोडं जायफळ दोनदा चाळा. गुळाच्या पाण्यात ८० मिलि तेल आणि शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. ओलं कोरड्यात ओतून पंधरा-वीस वेळाच हलवा. गुठळ्या थोड्या राहिल्या तर राहू देत. ८० ग्रॅम बेदाणे पिठात घोळवून घाला म्हणजे तळाशी बसत नाहीत. सात इंची डबा, १८० अंश, ३५ ते ४० मिनिटं.

मिश्रण तयार झालं की लगेच भट्टीत गेलं पाहिजे. सोडा आणि आंबट भेटल्यावर बुडबुडे सुटायला लागतात, ते तुमची वाट बघत नाहीत. बरेच केक इथेच बसतात: मिश्रण तयार करून बाई डब्याला तेल लावायला जाते. आधी डबा तयार ठेवा, आधी ओव्हन तापवा, मग व्हिनेगर ओता.

ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल?

होईल. जुना कुकर घ्या. तळाला दोन वाट्या मीठ पसरा, वर रिंग ठेवा, झाकणाची शिट्टी आणि रबर काढा. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग डबा ठेवून आच अगदी बारीक. ४५ ते ५० मिनिटं. पाणी घालायचं नाही. ते मीठ डब्यात भरून ठेवा, पुढच्या केकला तेच चालतं.

तेल कोणतं?

करडईचं किंवा सूर्यफुलाचं. घाण्याचं शेंगतेल मला स्वयंपाकात फार आवडतं, पण केकमध्ये त्याचा वास वरचढ होतो. गूळ आणि सुंठ घातलेल्या केकमध्ये मात्र ते शोभतं.

सांगलीची हळद घालून केक केला तर त्यावर लाल ठिपके आले. बिघडला का?

बिघडला नाही. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

हळदीतला पिवळा रंग खाराच्या संगतीत लाल होतो. आपल्या बायकांना हे शेकडो वर्षं ठाऊक आहे. हळदीत चुन्यासारखा खार मिसळूनच कुंकू करतात. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, तेही हेच. केकमध्ये सोडा नीट मिसळला गेला नाही तर जिथे त्याची गुठळी राहते, तिथे हळद लाल होते. म्हणजे ते ठिपके तुम्हाला सांगताहेत की चाळलं नाही. खायला काही धोका नाही, पण त्या जागी सोड्याची तुरट चव लागेल.

उपाय दोन. सोड्याऐवजी दोन चमचे बेकिंग पावडर घ्या आणि आंबट थोडं वाढवा. किंवा सोडा पिठात दोनदा चाळा आणि हळद वेगळी, तेलात कालवून घाला. तेलात हळदीचा रंगही छान उतरतो. १९० ग्रॅम पिठाला अर्धा चमचा हळद पुरे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तिचा रंग खरंच गडद असतो, एक चमचा घातलात तर केक औषधासारखा लागेल.

तुपाशिवाय नानकटाई कशी होणार?

दिवाळीआधी भट्टीवर बिस्किटं करून आणायची पद्धत आपल्याकडे आहे. रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत घालून न्यायचं, भट्टीवाला वजन करून मळून देणार, मग बायका रांगेत बसून पत्र्यावर गोळे मांडणार. माझ्या आईच्या पत्र्याच्या डब्यावर खडूनं आडनाव लिहिलेलं असायचं. परत येताना तो डबा मांडीवर धरला की रिक्षातसुद्धा मांडी भाजायची. त्या बिस्किटांत तूप नव्हतंच. डालडा म्हणजे वनस्पती तेलच, फक्त घट्ट केलेलं. म्हणजे व्हिगन नानकटाई आपण आधीपासून खात आलो, तिला ते नाव नव्हतं एवढंच.

मी डालड्याऐवजी खोबरेल घेते, खाण्याचं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या वर वितळतं, आणि आमच्या सांगलीत एप्रिल-मे मध्ये ४० अंश होतात. त्यामुळे उन्हाळ्यात ते आधी फ्रीजमध्ये लोण्याइतकं घट्ट करून घ्या. ११० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम पिठीसाखर हातानं फेसा, हलकं आणि पांढरट होईपर्यंत. १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम बारीक रवा, पाव चमचा सोडा, वेलची, चिमूटभर मीठ. दूध न घालता गोळा जमला पाहिजे. नाहीच जमला तर एक चमचा खोबरेल अजून घाला, पाणी नको. गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढताना मऊच असतात, गार झाल्यावर कडक होतात. मऊ वाटल्या म्हणून परत आत सरकवल्या तर दगड होतील.

बेसन आधी कोरडं भाजून घ्यायचं, ही माझ्या सासूबाईंची दुरुस्ती. तुपाचा जो खमंगपणा हरवतो, तो भाजलेल्या बेसनानं बराच परत येतो. त्यांनी पहिली नानकटाई खाऊन ‘चव आहे, पण वास कुठाय?’ असं विचारलं होतं.

दुधाऐवजी घरी काय करता येईल?

शेंगदाणे. एक वाटी शेंगदाणे सहा-सात तास भिजवा, सालं चोळून काढा, चार वाट्या पाण्यात बारीक वाटा, पंच्यात गाळा. मग दहा मिनिटं सतत हलवत उकळा, नाहीतर तळाला लागतं. चोथा फेकू नका, थालीपिठात घाला. केकमध्ये ताकाऐवजी हवं असेल तर २०० मिलि शेंगदाण्याच्या दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून पाच मिनिटं ठेवा, फाटून घट्ट होतं आणि तेच हवं असतं.

सोयाबीन सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भरपूर पिकतं, त्याचंही दूध होतं. पण ते निदान २० मिनिटं उकळल्याशिवाय पिऊ नका, कच्चं सोयाबीन पचनाला बाधतं.

चहात घातलं की फुटतं, काय करू?

चहा आणि आलं पाण्यात पूर्ण उकळून गॅस बंद करा, मग गरम केलेलं शेंगदाण्याचं दूध वरून ओता. परत उकळू नका. नेहमीच्या चहासारखा लागणार नाही, हे आधीच सांगते.

साताऱ्याचे कंदी पेढे व्हिगन करता येतील का?

नाही. कंदी पेढा म्हणजे भाजलेला खवा. खवा काढला की उरतं काय? शेंगदाण्याचं कूट आणि गुळाचे लाडू, तिळाची वडी, नारळाच्या दुधातली बर्फी, हे त्यांच्या नावानंच करा. नकली पेढा खाऊन कोणाचंच समाधान होत नाही, आणि पेढ्यावर प्रेम असलेल्या माणसाला तर वाईट वाटतं.

स्ट्रॉबेरीचा जॅम पातळच राहतो. काय चुकतं?

जॅम धरतो तो फळातल्या पेक्टिनमुळे. ते स्ट्रॉबेरीत कमी असतं. पेरूत, कैरीत, लिंबाच्या बियांत भरपूर. म्हणून लिंबाच्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून जॅमबरोबर उकळायच्या आणि शेवटी पिळून काढायच्या. दुसरं, आंबटपणा लागतो आणि साखर लागते. साखर निम्म्यावर आणून बाजारासारखा घट्ट जॅम मागायचा, हे होत नाही.

एक किलो स्ट्रॉबेरी, ७०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस. भिलारच्या शेतावरून आणलेली असो की सांगलीच्या हातगाडीवरची, बारीक आणि घट्ट फळं निवडा. मोठी, पाणीदार फळं खायला ठेवा. फळं आधी धुवा, मग देठ काढा, उलटं केलं तर आत पाणी शिरतं. साखर घालून रात्रभर ठेवा. सकाळी फळं स्वतःच्याच रसात तरंगत असतात.

पसरट पातेलं घ्या, म्हणजे पाणी लवकर उडतं. मोठ्या आचेवर उकळा. आधी पांढरा-गुलाबी फेस खूप वर येतो, तो काढा. मग बुडबुडे मोठे आणि आळशी होतात आणि पातेल्यातला आवाज बदलतो, खळखळ जाऊन फटफट सुरू होते. तिथून उभ्यानं लक्ष द्या. एक बशी आधीच फ्रीजरमध्ये ठेवलेली असू द्या. तिच्यावर जॅमचा थेंब टाका, मिनिटभरानं बोटानं ढकला. वर सुरकुती पडली की गॅस बंद. वाटीभर फळांचा नव्हे, किलोभर फळांचा जॅम असेल तर २५ ते ३० मिनिटं लागतात. पातेल्यात तो पातळच दिसतो, म्हणून बरेच जण उकळत राहतात आणि दुसऱ्या दिवशी चमचा वाकतो.

मोसम संपताना, मार्च-एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरी स्वस्त होते. जॅम तेव्हाच करा.

थर्मामीटर आहे. किती अंश?

समुद्रसपाटीला साधारण १०४, सांगलीत १०२. पण पाचगणी-महाबळेश्वरला राहत असाल तर नाही. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचावर आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. आधी नुसतं पाणी उकळून आकडा बघा आणि त्यात चार मिळवा. माझ्या वहिनीनं पाचगणीत १०४ ची वाट बघत आख्खं पातेलं करपवलं होतं.

तासगावच्या बेदाण्यांचं अजून काय करता येईल?

सांगलीच्या बेदाण्यालाही भौगोलिक मानांकन आहे, पण माझ्या दृष्टीनं त्याची खरी किंमत ही की तो साखरेची जागा घेतो. कपभर बेदाणे कोमट पाण्यात दोनदा धुवा. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून शेडमध्ये टाकण्याआधी त्यांना डिपिंग ऑइल लावतात आणि रंग हिरवट-पिवळा राहावा म्हणून अनेक ठिकाणी गंधकाची धुरी देतात, त्यामुळे धुणं टाळू नका. दम्याचा त्रास असलेल्यांनी तर तपकिरी, धुरी न दिलेला बेदाणा मागून घ्यावा. अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात वाटा. ही पेस्ट केकमधली निम्मी साखर सहज काढते.

गुळांबा कडक होतो किंवा कैरी चामट राहते.

गूळ लवकर पडला की कैरी चामट होते. एकदा गूळ लागला की कीस पुढे शिजत नाही. एक किलो कैरीचा कीस आधी वाफवून घ्या, बोटांत दाबला की मोडला पाहिजे. पिळू नका, रस आणि पेक्टिन दोन्ही जातात. मग एक किलो गूळ, कैरी फार आंबट असेल तर सव्वा किलो. स्टीलचंच पातेलं वापरा, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं नको. पाक एकतारी झाला की थांबा, गार झाल्यावर तो घट्ट होतोच. लवंग आणि वेलची शेवटी. काही घरांत कीस तुपावर परततात, त्याची गरज नाही. बरणी कोरडीठाक पाहिजे. गरम गुळांबा पूर्ण गार झाल्यावरच झाकण, तोवर नुसता दादरा बांधून ठेवा, नाहीतर झाकणाची वाफ आत गळते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

जॅमचं मात्र उलटं: गरम जॅम, गरम बाटली, लगेच झाकण. बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळून पालथ्या घालून वाळवा.

वर थोडी बुरशी आली आहे. काढून टाकून खाल्लं तर?

नको. सगळं टाकून द्या. जीव तुटतो, माहीत आहे.

उन्हाळ्यासाठी सरबतं?

पन्हं आणि कोकम सगळ्यांना येतं, त्यावर काय सांगू. आल्याचं सांगते. आलं किसून रस काढा आणि तासभर न हलवता ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो, तो आल्यातला स्टार्च. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या. २५० मिलि रस, तेवढंच पाणी आणि ५०० ग्रॅम साखर उकळून गार करा, मग १५० मिलि लिंबाचा रस. लिंबू गरम पाकात घातलं तर कडू होतं. साका राहिला तर सरबत गढूळ होतं आणि लवकर आंबतं. फ्रीजमध्ये ठेवा.

आंबीलही ताकाशिवाय होते. चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ दोन वाट्या पाण्यात कालवून रात्रभर माठाजवळ ठेवा. सकाळी आंबूस वास येतो. दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते ओता, हलवत शिजवा, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. गार करून प्या. ताकाचा आंबटपणा पिठानं स्वतःच आणलेला असतो.

पावात काय असतं? यीस्ट चालतं?

यीस्ट चालतं, ती बुरशीच्या जातीची आहे, प्राणी नाही. लादी पाव बहुधा पाणी, मैदा, मीठ, यीस्ट, तेलाचा असतो, पण काही ठिकाणी दुधाची पावडर घालतात आणि वरून लोणी फिरवतात. विचारा.

दूध नाही तर मुलाला ताकद कशी येणार?

नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिळात त्याहून जास्त. केकमध्ये निम्मं गव्हाचं पीठ काढून नाचणी घाला, चॉकलेटी रंग फुकट मिळतो. पण बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरांशी बोला, केक त्याला पुरा पडणार नाही.

केलेलं शेजारी, शाळेत वाटते. बरणीवर काय लिहू?

तारीख, आणि जे जे घातलं ते सगळं. ‘व्हिगन’ एवढं लिहून भागत नाही. दूध काढून आपण शेंगदाणे, सोयाबीन, काजू आणतो, आणि त्यांचीही ॲलर्जी असणारी मुलं असतात. शेंगदाण्याच्या खलबत्त्यात वेलची कुटली असेल तर तेही लिहा. मी वहीचा कागद कापून खळीनं चिकटवते, पेनाची शाई पाण्यानं पसरते म्हणून पेन्सिलीनं लिहिते. मुलाच्या वर्गातल्या एका आईनं ती चिठ्ठी वाचून बरणी परत पाठवली होती, तिच्या मुलीला शेंगदाणे चालत नव्हते. पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी नारळाच्या दुधातला केक केला, खलबत्ता गरम पाण्यानं दोनदा धुऊन.